स्वमग्न मुले आणि त्यांचे सवंगडी : सामाजिक व्यवहाराचे मोजमाप

हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे उपस्थितीची खूण झाली म्हणजे ते मूल शाळेत आले, एवढेच सिद्ध होते. शाळेत आल्यावर ते इतर मुलांत सामील झाले की नाही, कोणी त्याला खेळायला बोलावले की नाही, त्याने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले की नाही, या गोष्टी हजेरीपटावरून कळत नाहीत. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात नमूद केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. या कायद्याच्या सोळाव्या कलमाने शिक्षणसंस्थांवर काही कर्तव्ये सोपविली आहेत. दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजन यांची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. प्रवेशाची नोंद ठेवणे सोपे आहे. प्रगतीसाठी गुणपत्रिका आहे. परंतु सहभागावर लक्ष ठेवावयाचे ते कसे? त्यासाठी सहभाग मोजण्याची काही रीत हाती असावी लागते. अशा रीती आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही तर घड्याळ, कागद व पेन्सिल एवढ्या साधनांवर कोणत्याही शाळेत वापरता येण्यासारख्या आहेत. त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील डॉ. हान्स अॅस्परगर यांनी तशाच प्रकारच्या मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या वाढीतील एक वेगळेपणा आहे आणि तो लहानपणापासून असतो. इतरांशी संवाद साधण्याची वेगळी तऱ्हा, ठराविक गोष्टींची व क्रमाची ओढ, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श अशा संवेदना अतिशय तीव्रपणे किंवा अतिशय कमी जाणवणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत. आईच्या कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, ही एकेकाळी रूढ असलेली कल्पना शास्त्रज्ञांनी केव्हाच टाकून दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी केलेल्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न असते.

सर्व स्वमग्न मुले एकसारखी नसतात. काही मुले बोलत नाहीत. काही अस्खलित बोलतात, परंतु समोरच्याने विषय बदलला की गोंधळतात. काहींना एकान्त प्रिय असतो. अनेकांना मात्र मित्र हवे असतात. ते कसे मिळवावेत हे उमगत नाही, किंवा त्यांनी केलेला प्रयत्न इतरांच्या ध्यानी येत नाही. म्हणूनच ‘हा मुलगा मिसळत नाही’ या एका वाक्याने अशा मुलाचे वर्णन पूर्ण होत नाही.

मोजायचे ते काय?

सामाजिक व्यवहार हा दोघांमधील व्यवहार होय. एकाने हाक मारावी, दुसऱ्याने ओ द्यावी. एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने तो परत करावा. त्यामुळे मोजमाप करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली पुढाकार, म्हणजे बोलणे, हावभाव, वस्तू दाखविणे अशा कोणत्याही मार्गाने दुसऱ्याशी व्यवहार सुरू करणे. दुसरी प्रतिसाद, म्हणजे दुसऱ्याच्या पुढाकाराला थोड्या वेळात दिलेले उत्तर. तिसरी देवाणघेवाण, म्हणजे हा क्रम किती वेळ टिकला व किती वेळा पालटला. या तीनही गोष्टी मुलाकडून सवंगड्याकडे आणि सवंगड्याकडून मुलाकडे, अशा दोन्ही दिशांनी मोजल्या पाहिजेत.

माहीत असणे आणि करणे यांतील फरकही येथे ध्यानात घ्यावा. ‘खेळात सामील व्हायचे असेल तर आधी काय करावे?’ या प्रश्नाला मूल अचूक उत्तर देते, पण मैदानावर मात्र कडेलाच उभे राहते, असा अनुभव शिक्षकांना येतो. पहिले ज्ञान आहे, दुसरे आचरण. कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिस येथे एलिझाबेथ लॉगेसन व फ्रेड फ्रँकेल यांनी कुमारवयीन स्वमग्न मुलांसाठी मैत्रीविषयक पाठ्यक्रम तयार केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ मुलांच्या अभ्यासात त्यांनी मुलांचे ज्ञान चाचणीने तपासले. शिवाय मुलाने किती वेळा कोणाला आपल्या घरी बोलावले, याचीही मोजदाद केली. कुमारवयात मैदानावरील खेळ कमी होतात आणि गप्पा व भेटी यांना महत्त्व येते, म्हणून या वयात अशीच मोजदाद उपयुक्त ठरते.

मोजमापाचे चार मार्ग

पहिला मार्ग प्रश्नावलीचा. मुलाला चांगले ओळखणाऱ्या पालकाने किंवा शिक्षकाने प्रत्येक विधानापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत एक पर्याय निवडायचा असतो. अमेरिकेत जॉन कॉन्स्टँटिनो यांनी तयार केलेली, २००५ साली प्रसिद्ध झालेली ६५ विधानांची मापनश्रेणी या प्रकारची आहे. आपल्या देशात सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ४० बाबींची भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणी तयार केली असून २०१६ साली शासनाने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिचा वापर अधिसूचित केला. तीत प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण असतात. सहा विभागांपैकी पहिला विभाग सामाजिक संबंध व परस्परता यांविषयीचा असून त्यात नऊ बाबी आहेत. एकूण गुण ७०पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र, असे तिचे वाचन केले जाते. प्रशिक्षित तज्ज्ञानेच ती वापरावयाची असते. मुलाला कोणत्या साहाय्याचा हक्क आहे हे ठरविण्यास ती उपयोगी पडते. परंतु गेल्या दोन महिन्यांत वर्गातील व्यवहार बदलला की नाही, हे सांगणे हे तिचे काम नव्हे.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष निरीक्षणाचा. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली अमेरिकेतील बालशाळेत मुलांचा मुक्त खेळ ठराविक वेळाने पाहून त्याचे सहा प्रकार केले : नुसते रिकामे असणे, एकट्याने खेळणे, इतरांचा खेळ पाहणे, शेजारी बसून आपापला खेळ खेळणे, इतरांत मिसळून खेळणे आणि सर्वांनी मिळून नियमाने खेळणे. इतका काळ लोटला तरी मैदानावरील निरीक्षणाच्या अनेक पद्धती याच वर्गीकरणावर उभ्या आहेत.

तिसरा मार्ग समाजमितीचा. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली हा विषय ग्रंथरूपाने मांडला. वर्गातील प्रत्येक मुलाला ‘तुझे मित्र कोण?’, ‘कोण कोण नेहमी एकत्र असतात?’ असे विचारायचे आणि उत्तरांवरून वर्गातील मैत्रीचा नकाशा काढायचा. कोणत्या मुलाचे नाव अनेकांनी घेतले, कोणाचे कोणीच घेतले नाही, आणि दोघांनी परस्परांचे नाव घेतले असे कोठे घडले, हे त्यावरून दिसते. ‘तुला कोण आवडत नाही?’ हा प्रश्न मात्र शाळेने विचारू नये. त्यामुळे नसलेला दुरावा निर्माण होण्याचा धोका असतो.

चौथा मार्ग स्वतः मुलाला विचारण्याचा, आणि नेमका हाच बहुधा राहून जातो. ब्रँडट चेंबरलेन, कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण वर्गात शिकणाऱ्या १७ स्वमग्न मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. वर्गमित्रांच्या उत्तरांवरून पाहता ही मुले मैत्रीच्या नकाशात कडेला होती आणि परस्पर मैत्रीचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. तरीही आपण इतरांपेक्षा अधिक एकाकी आहोत, असे त्यांनी सांगितले नाही. बाहेरून दिसणारे एकटेपण आणि मनाला जाणवणारे एकाकीपण यांची मोजमापे वेगळी ठेवावी लागतात, हा या अभ्यासाचा धडा आहे. जे मूल बोलत नाही, त्याला चित्रांच्या साहाय्याने किंवा निवडीसाठी दोन वस्तू पुढे ठेवून विचारता येते.

मधल्या सुट्टीतील नोंद

या चारांपैकी निरीक्षणाचा मार्ग शाळेला सर्वांत सुलभ आहे. तो प्रत्यक्ष कसा वापरावा ते पाहू.

मधल्या सुट्टीतील पंधरा मिनिटे निवडावीत. प्रत्येक मिनिटाचे पहिले चाळीस सेकंद मुलाकडे पाहावे व उरलेल्या वीस सेकंदांत कागदावर एक खूण करावी : ए म्हणजे एकटा, पा म्हणजे इतरांचा खेळ पाहणारा, शे म्हणजे शेजारी राहून आपलाच खेळ खेळणारा आणि सा म्हणजे खेळात किंवा गप्पांत सामील. पाच दिवसांत अशा ७५ खुणा होतात. त्याच कागदावर पुढाकार व प्रतिसाद यांसाठी दोन्ही दिशांचे रकाने ठेवावेत. तुलनेसाठी त्याच वर्गातील, त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाचेही तसेच निरीक्षण करावे. कारण दहा-अकरा वर्षांची सर्वच मुले काही वेळ एकटी असतात, आणि तुलनेवाचून आकड्याला अर्थ येत नाही. एका दिवशी दुसऱ्या शिक्षकानेही स्वतंत्रपणे नोंद करावी आणि दोन्ही कागद ताडून पाहावेत. पंधरापैकी बारा खुणा जुळल्या तर जुळणी ८० टक्के झाली. ती याहून कमी असल्यास खुणांचे अर्थ पुन्हा एकदा बोलून स्पष्ट करून घ्यावेत. मुलावर पाळत ठेवली जात आहे असे कोणालाही वाटू नये, म्हणून निरीक्षकाने नेहमीच्या देखरेखीच्या जागीच उभे राहावे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पाचवीतील एका स्वमग्न मुलाच्या ७५ खुणांपैकी ५२ एकटेपणाच्या, ८ पाहण्याच्या, ९ शेजारच्या खेळाच्या व ६ सामील होण्याच्या आहेत. तुलनेसाठी घेतलेल्या मुलाच्या सामील होण्याच्या खुणा ५१ आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष काढला तर मुलाच्या अंगी कौशल्य नाही, असे वाटेल. परंतु दुसरे रकाने पाहावेत. या मुलाने पाच दिवसांत १४ वेळा पुढाकार घेतला आणि त्यांपैकी केवळ ४ वेळा त्याला प्रतिसाद मिळाला. इतरांनी त्याच्याकडे फक्त ३ वेळा पुढाकार घेतला आणि त्यांपैकी २ वेळा त्याने प्रतिसाद दिला. म्हणजे मूल प्रयत्न करीत होते. त्याचा पुढाकार कदाचित निराळ्या तऱ्हेचा असेल. लगोरी रचताना तो मध्येच येऊन फरशीचे तुकडे ओळीने मांडू लागत असेल आणि ‘हा खेळ मोडतो’ असा इतरांचा समज होत असेल. उणीव कोठे आहे आणि उपाय कोणाकडे करावयाचा, हे या दोन रकान्यांनी दाखवून दिले. एकाच दिशेने मोजले असते तर सगळा दोष मुलाच्या पदरी पडला असता आणि शिकवणीही एकट्या त्यालाच दिली गेली असती.

सवंगड्यांची बाजू

सवंगड्यांची बाजू मोजणे का आवश्यक आहे, याला संशोधनाचाही आधार आहे. नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वमग्न व्यक्तींना काही क्षण पाहून किंवा ऐकूनच इतरांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनविले आणि त्यांच्याशी बोलण्याची तयारी कमी दाखविली. त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचावयास दिले, तेव्हा हा दुजाभाव उरला नाही. बोलण्यातील आशय तोच होता. चेहरा, आवाज व हावभाव यांवरून बनलेल्या मताने अडथळा आणला होता.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असा विचार मांडला की, समजण्यातील अडचण दोन्हीकडून असते. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, तसे इतरांनाही तिचे मन कळत नाही. या विचाराची परीक्षाही झाली. कॅथरिन क्रॉम्पटन व सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या प्रयोगात एकाने दुसऱ्याला व दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगावयाची होती. स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळत गेली. ३११ जणांना घेऊन केलेला व २०२५ साली प्रसिद्ध झालेला मोठा प्रयोग या तीन प्रकारच्या साखळ्यांत असा फरक दाखवू शकला नाही. म्हणजे हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. परंतु स्वमग्न व्यक्ती माहितीची देवाणघेवाण करण्यात मुळातच कमी पडतात, या समजुतीला दोन्ही प्रयोगांत आधार मिळाला नाही, हे महत्त्वाचे आहे.

उपायांच्या दृष्टीने कॉनी कसारी व सहकाऱ्यांचा २०१२ सालचा अभ्यास शिक्षकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. सर्वसाधारण वर्गात शिकणाऱ्या, ६ ते ११ वर्षे वयाच्या ६० स्वमग्न मुलांत दोन पद्धतींची तुलना त्यात केली होती. एका पद्धतीत प्रौढ व्यक्ती स्वमग्न मुलाला स्वतंत्रपणे कौशल्ये शिकवीत असे. दुसऱ्या पद्धतीत त्याच्या वर्गमित्रांना, एकट्या पडलेल्या मुलाला खेळात कसे घ्यावे हे शिकविले होते. वर्गातील मैत्रीच्या नकाशात मुलाचे स्थान सुधारणे, मित्र म्हणून त्याचे नाव अधिक वेळा घेतले जाणे आणि मैदानावरील त्याचे एकटेपण कमी होणे, हे परिणाम वर्गमित्रांना शिकविण्याच्या पद्धतीत दिसले. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले असता सुधारणा टिकून होती.

आपल्या शाळांत असे शिक्षण देण्यास मोठा खर्च येत नाही. समोर येऊन नावाने हाक मारावी. एका वेळी एकच गोष्ट विचारावी. उत्तरासाठी मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे. मानेने किंवा बोटाने दिलेले उत्तरही उत्तरच मानावे. त्या मुलाच्या आवडीचा एखादा भाग खेळात घ्यावा. एवढ्या गोष्टी पाचवीतील मुले सहज शिकतात. फरशीचे तुकडे रचण्यात ज्याला गोडी आहे, त्याला लगोरी रचण्याचे काम नेमून दिले की तो खेळातला गडी होतो. हे कोणी उपकार म्हणून करू नये; गडी म्हणून करावे. सहा आठवड्यांनी तोच कागद घेऊन पुन्हा पाच दिवस नोंद केली की केलेल्या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. आपल्या उदाहरणात प्रतिसाद मिळालेले पुढाकार ४ वरून ९-१० वर गेले तर मार्ग योग्य आहे. ते जागच्या जागी राहिले तर उपाय बदलावयास हवा.

काही सावधगिरी

मोजमापाचा दुरुपयोगही होऊ शकतो. वाढलेला आकडा नेहमीच मुलाच्या हिताचा असतो असे नाही. अनेक स्वमग्न मुले, विशेषतः मुली, इतरांची नक्कल करून आपले वेगळेपण झाकतात. लॉरा हल व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी सांगितले की, असे झाकून वागणे अतिशय थकविणारे असते. शाळेत सर्वांत मिसळलेले दिसणारे मूल घरी येताच कोलमडून पडत असेल, तर त्या सहभागाची किंमत ते कशी चुकवीत आहे हे पाहिले पाहिजे. म्हणून शाळेच्या कागदाबरोबर पालकांचे म्हणणे आणि मुलाचे स्वतःचे म्हणणेही नोंदवावे. डोळ्याला डोळा भिडविणे हे यशाचे माप धरू नये. गोंगाटात त्रास होणाऱ्या मुलाला सुट्टीतील काही वेळ शांत कोपऱ्यात घालविण्याचा अधिकार आहे, आणि तेवढ्या वेळच्या एकटेपणाच्या खुणा उणिवेत धरू नयेत.

दुसरी सावधगिरी गुप्ततेची. निरीक्षणापूर्वी पालकांची संमती घ्यावी आणि मुलालाही समजेल अशा शब्दांत सांगावे. नोंदीचा कागद मुलाच्या वैयक्तिक कागदपत्रांतच राहावा. सभेत नावानिशी त्याचे वाचन होऊ नये. तिसरे असे की, या नोंदीवरून कोणीही निदान करू नये आणि प्रवेश नाकारण्यासाठी तर तिचा उपयोग मुळीच करू नये. शाळेने काय करावे हे ठरविण्यापुरतीच ही नोंद आहे.

कोणी काय करावे?

शिक्षकांनी सत्राच्या आरंभी व अखेरीस पाच-पाच दिवसांची नोंद करावी आणि त्यासाठी केंद्रातील विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावे. पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत दिव्यांग मुलांची पटसंख्या विचारतातच. त्याबरोबर ‘त्यांच्या पुढाकाराला प्रतिसाद किती मिळतो?’ हाही प्रश्न विचारावा. मात्र या आकड्यांवरून शाळांची चढाओढ लावू नये. तसे झाले की कागदावरील खुणा वाढतील आणि मैदानावर फरक पडणार नाही.

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत स्थानिक प्राधिकरणाच्या निर्वाचित प्रतिनिधींना स्थान आहे. पंचायत सदस्यांनी त्या नात्याने मैदानालगत सावलीची एक शांत जागा, कर्कश घंटेऐवजी सौम्य घंटा आणि सर्वांना खेळता येतील असे खेळ यांचा आग्रह धरावा. शाळेत जुळलेली मैत्री गावातील क्रीडांगणावर, वाचनालयात व उत्सवातही चालू राहावी, यासाठी त्यांच्या शब्दाला वजन असते.

समावेशित शिक्षण म्हणजे दिव्यांग असलेल्या व नसलेल्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे आणि त्यासाठी शिकविण्याच्या पद्धतीत योग्य तो बदल करणे, अशी व्याख्या कायद्याने केली आहे. त्यातील ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ एका छपराखाली बसणे एवढाच राहू द्यावयाचा नसेल, तर मधल्या सुट्टीत कोणी कोणाला हाक मारली आणि कोणी ओ दिली, याची नोंद ठेवण्यास आपण सुरुवात केली पाहिजे. येत्या सत्रात प्रत्येक केंद्रातील एका शाळेने जरी हा प्रयोग केला, तरी त्यातून मिळणारा अनुभव इतर शाळांना मार्गदर्शक ठरेल.